‘प्लीज बी फ्रँक’ : कामगारांच्या प्रश्नावलीतलं एक विशेषण मराठीत आणताना

चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांत कामगारांकडून अधूनमधून निनावी प्रश्नावली भरून घेतात. मजकूर बहुधा मुख्य कार्यालयातून इंग्रजीत येतो आणि इथे त्याचं मराठी केलं जातं. प्रश्नांची भाषांतरं फारशी अडत नाहीत. जेवण कसं असतं, बस वेळेवर येते का, हातमोजे मिळतात का, हे विचारायला मराठीला कसली अडचण? अडतं ते प्रश्नांच्या वर छापलेल्या चार ओळींत. तिथे ‘फ्रँक’, म्हणजे मनातलं न लपवता बोलणारा, हे विशेषण येतं.

इथे घेतलेला मजकूर अभ्यासासाठी रचलेला आहे, पण साचा नेहमीचाच आहे:

‘प्लीज बी फ्रँक इन युवर आन्सर्स. वुई व्हॅल्यू युवर फ्रँक ओपिनियन ऑफ युवर सुपरवायझर. फ्रँकली, वुई डिड नॉट अ‍ॅक्ट ऑन मेनी ऑफ लास्ट इयर्स सजेशन्स. युवर आन्सर्स विल रिमेन कॉन्फिडेन्शियल.’

शब्दकोश शेजारी ठेवून केलेला पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

‘कृपया आपल्या उत्तरांमध्ये स्पष्ट राहा. आपल्या पर्यवेक्षकाबद्दलचे आपले उघड मत आम्ही मौल्यवान मानतो. स्पष्टपणे, गेल्या वर्षीच्या अनेक सूचनांवर आम्ही कृती केली नाही. आपली उत्तरे गोपनीय राहतील.’

यातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो. तरीही चारपैकी तीन वाक्यं वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात.

मसुदा कुठे फसला

‘उत्तरं स्पष्ट लिहा’ ही सूचना मराठी माणूस शाळेपासून वाचत आला आहे आणि तिचा अर्थ अक्षराशी जोडलेला आहे: सुवाच्य लिहा, खाडाखोड करू नका. कारखान्याच्या फॉर्मवर ती ओळ दिसली की वाचणारा पेन नीट धरेल, बाकी काही बदलणार नाही. ‘स्पष्ट राहा’ ही रचना तर इंग्रजीच्या वळणाचीच. मराठीत माणूस स्पष्ट राहत नाही, स्पष्ट बोलतो.

दुसऱ्या वाक्यातली चूक जास्त महागात पडणारी आहे. ‘उघड मत’ म्हणजे चारचौघांत, सगळ्यांना कळेल असं दिलेलं मत. ‘उघड मतदान’ आणि ‘गुप्त मतदान’ ही जोडी प्रत्येकाला माहीत असते. त्यामुळे दुसऱ्या ओळीत उघड मत मागायचं आणि चौथ्या ओळीत ते गोपनीय राहील म्हणायचं, हा उघडउघड विरोधाभास झाला. ज्याला आधीच शंका आहे तो यातली पहिली गोष्ट खरी धरणार.

तिसऱ्या वाक्यात इंग्रजीतलं ‘फ्रँकली’ संपूर्ण वाक्याला लागू आहे: बोलणारा स्वतःच्या बोलण्याबद्दल काही सांगतो आहे. मराठी मसुद्यात ‘स्पष्टपणे’ सुरुवातीला ठेवून पुढे स्वल्पविराम दिला आहे, पण मराठी वाचणारा ते क्रियाविशेषण क्रियापदाला जोडतो. मग वाक्याचा अर्थ होतो, ‘आम्ही अगदी ठरवून काही केलं नाही.’ कबुली द्यायची होती, तिची मगरुरी झाली.

‘पर्यवेक्षक’ हा शब्द इथल्या विशेषणाचा भाग नाही, पण जाता जाता: पर्यवेक्षक परीक्षेच्या वर्गात फिरतात. कारखान्यात सुपरवायझर असतो किंवा लाइन लीडर. ज्याच्याबद्दल मत हवं तो माणूस वाचणाऱ्याला ओळखता आला पाहिजे.

शब्द आला कुठून

‘फ्रँक’ हा मूळचा एका जमातीच्या नावाचा शब्द. ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यातल्या जर्मानिक टोळ्यांचा उल्लेख ‘फ्रँक’ या नावाने रोमन लिखाणात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून येतो. या लोकांनी रोमन गॉल प्रांत जिंकला आणि आजच्या फ्रान्सला त्यांचंच नाव मिळालं. नावाचं मूळ एका भाल्याच्या नावात असावं असं अनेक अभ्यासक मानतात, पण त्यावर एकमत नाही.

विशेषणाचा जन्म जिंकण्यानंतरचा आहे. जित प्रदेशात पूर्ण दर्जाचा स्वतंत्र माणूस म्हणजे मुख्यतः फ्रँक. सहाव्या शतकाच्या आसपास लेखी आलेल्या सॅलिक कायद्यात, म्हणजे फ्रँकांच्या कायदेसंहितेत, हा फरक थेट पैशांत मोजलेला दिसतो: स्वतंत्र फ्रँक माणूस मारला तर दंड 200 सॉलिडस (सोन्याची नाणी), आणि जमीनधारक रोमन मारला तर 100. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘फ्रांकुस’ म्हणजे ‘स्वतंत्र, कर-वेठीतून मोकळा’ असा अर्थ रूढ झाला. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हाही आधी अर्थ ‘स्वतंत्र’ हाच होता. पुढे ‘उदार’, आणि सोळाव्या शतकात ‘मनातलं न लपवता बोलणारा’.

ही चढण लक्षात घेण्यासारखी आहे. ज्याला कुणाचा धाक नाही तो मोकळं बोलू शकतो. म्हणजे या विशेषणाच्या पोटात दर्जाचा प्रश्न आहे: बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि बोलल्यावर बोलणाऱ्याचं काय होणार? मराठीत प्रतिशब्द निवडताना नेमकी हीच गोष्ट कामाला येते.

त्या जुन्या ‘स्वतंत्र’ अर्थाची पिल्लं आजही आपल्या आसपास आहेत. ‘फ्रँचाइज’ म्हणजे मोकळीक, हक्क. त्यातून मतदानाचा हक्कही आणि वडापावच्या दुकानाची फ्रँचायझीही. ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य पाकिटावर सही करून टपाल फुकट धाडत, ते ‘फ्रँकिंग’. एक पेनीचा सरसकट दर सुरू झाला तेव्हा, 1840 मध्ये, ही सवलत गेली. पण आगाऊ भरलेल्या पैशांचा ठसा मारणाऱ्या यंत्राला तेच नाव चिकटलं. घराच्या कराराचं मुद्रांक शुल्क भरताना मराठी माणूस ‘फ्रँकिंग करून घेतलं’ म्हणतो तेव्हा तो फुकट नव्हे, चांगले हजारो रुपये मोजून आलेला असतो.

आणि दुसरी वाट पूर्वेची. भूमध्य समुद्राकाठच्या अरबांना पश्चिम युरोपातला प्रत्येक माणूस ‘फ्रँक’च वाटला. अरबी-फारसीतून ते नाव इथे आलं आणि ‘फिरंगी’ झालं. शिवकालीन मराठीत फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. इंग्रज वेगळे, डच ते वलंदेज आणि फ्रेंच ते फरासीस. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, यादी येते तेव्हा फिरंगी आणि फरासीस ही दोन्ही नावं तिच्यात आहेत. म्हणजे एकाच जमातीचं नाव दोन वाटांनी येऊन एकाच ओळीत बसलं आहे. युरोपी पात्याची सरळ तलवार ती ‘फिरंग’. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘फिरंग’ नावाचा रोगही आहे, आजचा सिफिलिस. यातल्या कुठल्याच शब्दात मोकळ्या बोलण्याचा अर्थ नाही, कारण तो फ्रान्समध्ये तयार झाला. पूर्वेकडे फक्त नाव गेलं. ‘फ्रँक’ला ‘फिरंगी’चा भाऊ म्हणायला हरकत नाही, पण त्यावरून अर्थ लावू नये.

इंग्रजीतला शेजार

‘कॅन्डिड’ला बरेच कोश ‘फ्रँक’सारखेच प्रतिशब्द देतात. मूळ लॅटिन ‘कांदिदुस’, म्हणजे शुभ्र, झळाळणारा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूने पांढरा केलेला झगा घालून फिरे, म्हणून तो ‘कँडिडेट’. संस्कृत ‘चंद्र’ याच मुळातला. अर्थ ‘निष्पाप’ या बाजूने ‘खरं बोलणारा’ इथवर आला. आजच्या वापरात ‘कॅन्डिड’चा भर आव न आणण्यावर आहे, लग्नातल्या ‘कॅन्डिड’ फोटोत माणसं कॅमेऱ्याकडे बघून उभी नसतात. ‘फ्रँक’चा भर समोरच्याला न आवडणारं असलं तरी सांगण्यावर आहे. ‘ब्लंट’ म्हणजे तेच, पण समोरच्याला काय वाटेल याचा विचार न करता. आपला ‘फटकळ’ जवळचा. ‘आउटस्पोकन’ हा स्वभाव आहे आणि तो जाहीर बोलण्यात दिसतो. ‘ओव्हर्ट’ कृतीला लागतं, माणसाला नाही. पहिल्या मसुद्यातला ‘उघड’ खरं तर या शब्दाचा प्रतिशब्द आहे.

‘फ्रँक’ची बांधणीही पाहावी: माणसाशी, विषयाबद्दल, फ्रँक असणं. ‘फ्रँक डिस्कशन’, ‘फ्रँक अ‍ॅडमिशन’. इंग्रजीत ते अनेकदा त्या वेळच्या बोलण्याचं वर्णन असतं, कायमचा स्वभाव नव्हे. एरवी घुमा असणारा माणूसही एका बैठकीत ‘फ्रँक’ असू शकतो. मराठी ‘स्पष्टवक्ता’ मात्र स्वभावच सांगतो, म्हणून ‘कृपया स्पष्टवक्ते व्हा’ हे ‘कृपया उंच व्हा’ यासारखं ऐकू येतं.

मराठी बोलण्यात शिरलेला ‘फ्रँक’ पुन्हा निराळा. ‘ती फार फ्रँक आहे’ याचा अर्थ बहुतेकदा ती परखड मतं मांडते असा नसतो. ती सगळ्यांशी, विशेषतः मुलांशी, न बुजता बोलते असा असतो, आणि बोलणाऱ्याच्या सुरावर ते कौतुक की टोमणा हे ठरतं. भारतीय इंग्रजीतली ‘फ्री अँड फ्रँक’ ही जोडी याच छटेची. त्यामुळे ‘इंग्रजी शब्द तसाच ठेवू, सगळ्यांना कळतो’ हा उपाय या फॉर्मवर चालत नाही. कळतो, पण दुसराच कळतो.

कोण कोणाला

मराठीत या जागेवर किमान डझनभर शब्द उभे राहतात. त्यांतला फरक अर्थापेक्षा दिशेचा आहे.

खालून वर बोलताना, म्हणजे कामगार मालकाला, कार्यकर्ता नेत्याला, तेव्हा ‘निर्भीड’, ‘निर्भय’, ‘बेधडक’, ‘भीड न बाळगता’. भीड ही मराठीतली खास अडचण: भीती आणि आदर यांच्या मधली. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात ते भीड धरून गप्प बसणाऱ्याचं नुकसान होतं म्हणूनच. वरून खाली किंवा बाहेरून बोलताना ‘परखड’, ‘सडेतोड’, ‘खरमरीत’. संपादक परखड लिहितो, परीक्षक सडेतोड मत देतो. कामगाराने सुपरवायझरला सडेतोड उत्तर दिलं की ते उर्मटपणात जमा होतं. बरोबरीच्या माणसांत ‘मोकळेपणाने’, ‘मनमोकळं’, ‘आडपडदा न ठेवता’, ‘हातचं न राखता’. ‘दिलखुलास’ मजेच्या गप्पांना किंवा मुलाखतीला शोभतं. त्यात तक्रार मावत नाही. ‘रोखठोक’ला दिशेचं फारसं बंधन नाही, पण तो थोडा भांडणाच्या पवित्र्यात असतो.

आता आपल्या फॉर्मवर दिशा कोणती? कागदावर कामगार वर बोलतो आहे, म्हणजे ‘निर्भीडपणे लिहा’ योग्य वाटावं. पण इथे सांगणारी कंपनी आहे, आणि ज्याच्या हातात ताकद आहे त्याने ‘न घाबरता लिहा’ म्हटलं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे त्याने स्वतःच सांगितलं. कामगार संघटनेच्या पत्रकात ‘निर्भीडपणे’ शोभेल, कंपनीच्या नाही. ‘परखड मत द्या’ म्हटलं की फक्त वाईटच मागितलंय असं होतं. ज्याचं सुपरवायझरशी बरं चाललंय त्याला काय लिहावं कळत नाही आणि उत्तरं एका बाजूला झुकतात. ‘प्रामाणिकपणे’ म्हटलं की एरवी खोटं लिहाल असा संशय येतो. ‘बिनधास्त’ तरुण पोरांना जवळचं वाटेल, पण छापील फॉर्मवर ते जाहिरातीची भाषा वाटतं. ‘निःसंकोचपणे’ चालेल, फक्त ते निमंत्रणपत्रिकेच्या अंगाने जातं.

उरतं ‘मोकळेपणाने’. कंपनीने वापरलं तर ती स्वतःला बरोबरीच्या पातळीवर आणते, भीतीचा उल्लेख करत नाही आणि चांगलं-वाईट दोन्हीला जागा ठेवते. हे क्रियाविशेषण ‘लिहा’ या क्रियापदाला नीट बसतं, त्यामुळे ‘फ्रँक राहा’सारखी कसरत करावी लागत नाही. शब्द जरा गुळगुळीत झालेला आहे हे खरं. म्हणून त्याला ‘हातचं राखून लिहू नका’ या वाक्प्रचाराचा जोड दिला की नेमकं काय हवं ते कळतं.

दुसऱ्या वाक्यातलं ‘फ्रँक ओपिनियन’ विशेषण म्हणून सोडवण्याचा हट्ट सोडावा. ‘मोकळं मत’ मराठीत घट्ट बसत नाही. अर्थ वाक्यभर पसरवला की प्रश्न सुटतो: ‘तुम्हाला जे वाटतं ते जसंच्या तसं’. इंग्रजी विशेषणाला मराठी विशेषणच शोधत बसणं ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

तिसऱ्या वाक्यातल्या ‘फ्रँकली’ला एरवी ‘खरं सांगायचं तर’ हा चांगला पर्याय आहे. पण ‘खरं सांगायचं तर’नंतर मराठीत बहुधा सबब येते. इथे कबुली आहे, तर ती क्रियापदातच यावी, आणि मराठीच्या वळणाने वाक्याच्या शेवटी.

सुधारलेला मजकूर:

‘उत्तरं मोकळेपणाने लिहा, हातचं राखून लिहू नका. तुमच्या सुपरवायझरबद्दल तुम्हाला जे वाटतं ते आम्हाला जसंच्या तसं हवं आहे. गेल्या वर्षी तुम्ही केलेल्या बऱ्याच सूचनांवर आम्ही काहीही केलं नाही, हे आम्हाला मान्य आहे. कोणी काय लिहिलं हे तुमच्या सुपरवायझरला कळणार नाही.’

चौथं वाक्य मुद्दाम बदललं आहे. ‘गोपनीय’ हा सरकारी शिक्क्याचा शब्द. कुणापासून गोपनीय, ते तो सांगत नाही. ‘आपण’चं ‘तुम्ही’ केलं तेही ठरवून: ‘आपली उत्तरे’ म्हटलं की ती वाचणाऱ्याची की सगळ्यांची, असा घोळ होतो.

तपासणी

असा मजकूर छापायला देण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. पहिली उलट भाषांतराची: मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घ्यायचं. पहिल्या मसुद्यातली ‘स्पष्टपणे’ आणि ‘उघड’ ही दोन्ही ठिकाणं इथेच पकडली जातात. पण ही चाचणी सूर पकडत नाही. ‘निर्भीडपणे’ तिच्यातून सहज पार होतं. त्यासाठी दुसरी: ज्यांच्यासाठी फॉर्म आहे अशा पाच-सहा जणांना मजकूर वाचायला देऊन ‘कळलं का’ असं न विचारता ‘तुम्हाला काय करायला सांगितलंय, तुमच्या शब्दांत सांगा’ आणि ‘हे कोणी लिहिलं असेल?’ असं विचारायचं. ‘कळलं का’ला उत्तर नेहमी ‘हो’ असतं. चाचणीला वेगवेगळ्या वयाचे आणि शक्यतो विदर्भ-मराठवाड्यातून आलेले लोकही घ्यावेत. विचारणारा माणूस एचआरचा नसावा.

हाच शब्द इतरत्र

प्रश्नावलीसाठी काढलेलं उत्तर दुसरीकडे उचलून नेलं तर फसतं. आंतरराष्ट्रीय बैठकीनंतरच्या निवेदनात ‘फ्रँक डिस्कशन’ हा ठरलेला संकेत आहे: मतभेद झाले, मिटले नाहीत. बातमीत ‘मोकळेपणाने चर्चा’ लिहिलं तर वाचणाऱ्याला सगळं छान झालं असं वाटेल. ‘दोन्ही बाजूंनी आपापली मतं ठामपणे मांडली’ हे जवळचं.

वैद्यकीय कागदांत तर बोलण्याचा संबंधच नाही. तिथे ‘फ्रँक’ म्हणजे उघडं, सहज दिसणारं. ‘फ्रँक हिमॅट्युरिया’ म्हणजे लघवीत नुसत्या डोळ्यांना दिसणारं रक्त, फक्त सूक्ष्मदर्शकात दिसणारं नव्हे. ‘फ्रँक ब्रीच’ या गर्भाशयातल्या स्थितीत बाळाचं ढुंगण खाली असतं, पाय गुडघ्यात न वाकता सरळ वर आणि पावलं डोक्याजवळ. त्याला ‘पायाळू’ म्हणून मोकळं होऊ नये, कारण पायाळू म्हटलं की पाय आधी येतात अशी समजूत होते आणि इथे पाय सगळ्यांत वर आहेत. हृदयाच्या आकुंचनाचा ‘फ्रँक–स्टार्लिंग नियम’ दिसला तर प्रतिशब्द शोधूच नये. ऑटो फ्रँक हे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. ‘फ्रँकइन्सेन्स’मधला ‘फ्रँक’ उत्तम प्रतीचा या जुन्या अर्थाचा, आणि तो डिंक आपल्या साळईच्या जातभाईंचा.

आपल्या फॉर्मचं एकच काम उरतं, आणि ते भाषांतर करणाऱ्याने आपलं नव्हे म्हणून सोडू नये. या चार ओळींच्या वर, उजव्या कोपऱ्यात, जुन्या हजेरीच्या फॉर्मवरून तसाच आलेला एक चौकोन अनेकदा असतो: ‘टोकन नंबर’, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक. तो काढून घ्यावा, आणि भरलेले फॉर्म लाइनवर सुपरवायझरच्या टेबलावर न ठेवता गेटजवळच्या कुलूपबंद पेटीत टाकायला सांगावेत. ते होणार नसेल तर चौथं वाक्य छापू नये, कारण ते खोटं ठरेल. आणि चौथं गेलं की पहिल्यातल्या ‘मोकळेपणाने’लाही काही आधार उरत नाही.